भंगारात अनोळखी जड डबा आढळला तर काय करावे

दहशतवाद्यांच्या हाती किरणोत्सारी पदार्थ जाण्याची चर्चा निघाली की अणुभट्टीवरचा सशस्त्र दरोडा डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षातली वाट बरीच साधी आहे आणि ती रुग्णालयाच्या अडगळीतून, प्रयोगशाळेच्या लिलावातून किंवा रस्त्यावर थांबलेल्या ट्रकमधून जाते. डिसेंबर २०१३मध्ये मेक्सिकोत कर्करोगावरील जुन्या उपचारयंत्रातील कोबाल्ट-६० हा किरणोत्सारी पदार्थ घेऊन निघालेला ट्रक पळवला गेला. चोरांना बहुधा ट्रकच हवा होता. उलट नोव्हेंबर १९९५मध्ये चेचेन बंडखोरांनी मॉस्कोच्या इझ्मायलोव्स्की उद्यानात सीझियम-१३७ हा तसाच पदार्थ नेऊन ठेवला, तो मात्र पूर्ण जाणीवपूर्वक. दोन्ही प्रकारांना आळा बसतो तो पदार्थ बेवारस होण्यापूर्वी. म्हणून ही सूचना भंगार व्यावसायिकांइतकीच रुग्णालये, महाविद्यालये आणि कारखान्यांसाठीही आहे.

ज्या संस्थेकडे असा स्रोत, म्हणजे किरणोत्सारी पदार्थ असलेले यंत्र किंवा डबा आहे, तिने वापर थांबला तरी तो नोंदवहीतून वगळू नये, त्याची प्रत्यक्ष मोजदाद ठरावीक काळाने करावी आणि सांभाळणारा अधिकारी निवृत्त होत असेल तर कार्यभारासोबत स्रोतही डोळ्यांनी दाखवून सोपवावा. विल्हेवाट अणुऊर्जा नियामक मंडळाच्या परवानगीनेच लावता येते. इतर जुन्या सामानाबरोबर त्याचा लिलाव करता येत नाही. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात १९८५पासून वापराविना पडलेले, कोबाल्ट-६० असलेले गॅमा किरणयंत्र २०१०च्या फेब्रुवारीत नेमके असेच विकले गेले. ते दिल्लीतल्याच मायापुरीच्या भंगार बाजारात फोडले गेले, अनेक जण भाजल्यासारख्या जखमांनी आजारी पडले आणि एकाचा मृत्यू झाला. यंत्र बंद आहे म्हणजे ते निरुपद्रवी आहे, हा समज इथे महागात पडला. कोबाल्ट-६०ची तीव्रता निम्मी व्हायला सुमारे सव्वापाच वर्षे लागतात, सीझियम-१३७ला तीस.

भंगाराच्या दुकानात संशय घ्यावा तो आकाराच्या मानाने फार जड असलेल्या डब्याचा. शिशाचे जाड कवच असलेले भांडे, वैद्यकीय किंवा औद्योगिक यंत्राचा तुटलेला भाग आणि पंख्याच्या तीन पात्यांसारखे चिन्ह, ही ओळखीची लक्षणे होत. २००७पासून घातक स्रोतांसाठी लाल त्रिकोणात कवटी आणि पळणारा माणूस असलेले चिन्हही आले आहे. मात्र चिन्ह पुसले गेलेले असू शकते, म्हणून ते नसल्याने निश्चिंत होऊ नये. शिशाला भाव चांगला मिळतो, हे खरे. तरी असे भांडे कापू, वितळवू वा उघडू नये.

संशय आला की वस्तू हलवू नये, ती नाल्यात किंवा रिकाम्या जागेत फेकूही नये. सर्वांना तेथून दूर न्यावे, कारण अंतर दुप्पट झाले की शरीराला मिळणारी किरणोत्सर्गाची मात्रा सुमारे एक चतुर्थांश होते. जवळ गेलेल्यांनी हात साबणाने धुवावेत, कपडे बदलून ते पिशवीत वेगळे ठेवावेत आणि तोवर काही खाऊ-पिऊ नये. ११२ क्रमांकावर फोन करून ‘किरणोत्सर्गाचा संशय आहे’ असे स्पष्ट सांगावे, म्हणजे पोलीस राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाला आणि अणुऊर्जा तज्ज्ञांना बोलावू शकतील. वस्तू स्वतः घेऊन जाण्याचा मोह टाळावा. ब्राझीलच्या गोयानियात १९८७मध्ये निळसर चमकणाऱ्या सीझियमच्या भुकटीवर पहिल्यांदा संशय घेतला तो भंगार व्यावसायिकाच्या पत्नीने. तिची शंका अचूक होती, पण ती वस्तू पिशवीत घालून तिने बसने आरोग्य कार्यालयात नेली. त्या घटनेत चार जण दगावले, त्यांत तीही होती.

उष्णतेचा संबंध नसताना त्वचा लाल होणे, केस गळणे, सतत उलट्या, असे काही दिसल्यास डॉक्टरांना त्या डब्याविषयी आधी सांगावे. नाहीतर अन्नविषबाधा किंवा त्वचारोग समजून उपचार सुरू होतात.

खरेदीची नोंद जपून ठेवावी: माल कोणाकडून, कोणत्या दिवशी, कोणत्या वाहनातून आला. मायापुरीतील कोबाल्ट विद्यापीठातून आला हे उमगायलाच तपासाला काही आठवडे लागले होते.