इम्प्रोव्हचा प्रवेश कसा रचावा?

इम्प्रोव्ह म्हणजे रंगमंचावर आयत्या वेळी रचलेलं नाटक; त्यात संहिता नसते. प्रेक्षकांनी दिलेला एखादा शब्द आणि समोरचा जोडीदार, एवढंच भांडवल. तरीही पहिल्याच वाक्यावर हशा वसूल करायची घाई नको. आधी खरी वाटणारी, साधी परिस्थिती उभी करा. विनोद तिच्यातूनच निघतो.

कोण, कुठे, काय. पहिल्या तीन-चार वाक्यांत हे तिन्ही कळलं पाहिजे. समजा, शब्द मिळाला ‘कोट’. एकजण न बोलता गळ्यातली टेप काढून दुसऱ्याच्या खांद्यावर धरतो. दुसरा म्हणतो, “मास्टर, मुलीचं लग्न परवावर आलं आणि माझा कोट अजून ताग्यातच आहे.” दुकान, नातं, अडचण, सगळं एका वाक्यात आलं. याऐवजी “तुम्ही कोण? काय चाललंय इथे?” असं विचारलं, तर रचण्याचा सगळा भार जोडीदारावर पडतो. नवख्यांना सुरुवातीला प्रश्न विचारू नका म्हणतात ते याचसाठी. (हे कोण-कुठे-काय शिकागोच्या व्हायोला स्पोलिन यांच्या नाट्यखेळांतलं. त्यांचे चिरंजीव पॉल सिल्स हे १९५९मध्ये सुरू झालेल्या ‘सेकंड सिटी’ या शिकागोतल्या विनोदी नाट्यसंस्थेच्या संस्थापकांपैकी एक.)

‘हो, आणि...’ जोडीदाराने सांगितलेलं खरं धरायचं आणि त्यात एक भर घालायची. याचा अर्थ पात्राने प्रत्येक गोष्टीला मान डोलवायची असा नाही. “परवापर्यंत जमणार नाही, तुम्ही स्थिर उभेच राहत नाही” हे चालतं. “मी शिंपी नाही, डॉक्टर आहे” म्हटलं की प्रवेश तिथेच कोसळला. भांडण पात्रांचं असावं, नटांचं नाही.

खटकणारी एक गोष्ट पकडा. मास्टर म्हणतो, “साहेब, रडतानाचं माप राहिलंय. पाठवणीला छाती दोन इंच फुगते.” सापडलं! आता नवीन काही शोधू नका, हेच चढवत न्या: व्याह्यांपुढे वाकतानाचं माप, पंगतीनंतरचं पोटाचं, मग केटररचं बिल हातात पडल्यावर खांदे किती उतरतात त्याचं. सगळ्यात जास्त प्रवेश इथेच फसतात. हशा थोडा कमी झाला की कुणीतरी घाबरून दुकानात भूत आणतं, आणि आधी कमावलेलं सगळं वाया जातं.

गिऱ्हाईक मात्र शहाणंच राहिलं पाहिजे. दोघेही वेडे झाले तर वेडेपणा दिसतच नाही. तमाशातली बतावणी पाहिलेल्यांना हे सांगायला नको: सोंगाड्याच्या तिरकस उत्तरांना धार येते, ती समोरचा गंभीरपणे विचारत राहतो म्हणून.

वस्तू काल्पनिक असल्या तरी खऱ्यासारख्या हाताळा. टेपला लांबी आहे, कात्रीला वजन आहे. काउंटर जिथे मांडला तिथून आरपार चालत गेलात की प्रेक्षकांचा विश्वास उडतो.

तोडायचं कधी? दोन-तीन मिनिटांत, मोठ्या हशावर. बाजूला उभ्या असलेल्या सहकाऱ्याने रंगमंचाच्या पुढून धावत जायचं, म्हणजे प्रवेश संपला. आतल्यांना हा क्षण सहसा कळत नाही, म्हणून ही जबाबदारी बाहेरच्यांची.

सरावासाठी तीन वाक्यांचा खेळ घ्या. पहिला, दुसरा, पुन्हा पहिला, आणि लगेच पुढची जोडी. तिसऱ्या वाक्यानंतर बघणाऱ्यांनी कोण, कुठे, काय सांगायचं. सांगता आलं नाही तर त्याच जोडीने त्याच शब्दावर पुन्हा करायचं.