रेडिओवरचा बेसबॉलप्रेमींचा राग कसा ऐकावा

अमेरिकेत बेसबॉलचा एखादा नियम बदलल्याची घोषणा झाली, की त्या दिवशीची क्रीडाचर्चा रेडिओवर ऐकणाऱ्या नवख्या माणसाला हा खेळ संध्याकाळपर्यंत बंद पडणार असेच वाटते. सकाळपासून फोन सुरू होतात, निवेदकाचा आवाज चढतो, आणि "आमचा खेळ नासवला" हे वाक्य निरनिराळ्या गळ्यांतून दर दहा मिनिटांनी कानावर येते. हल्ली बहुतेक स्थानके ॲपवर कुठूनही ऐकता येत असल्यामुळे दुरून बेसबॉलची गोडी लागलेल्या माणसालाही हा गलबला सहज सापडतो. मात्र तो समजून घ्यायचा असेल, तर श्रोता कशाबद्दल तक्रार करतो आहे आणि कशामुळे करतो आहे, या दोन गोष्टी वेगवेगळ्या ऐकण्याची सवय लावून घ्यावी लागते.

सुरुवात एकाच शहराच्या एकाच स्थानकापासून करावी. न्यूयॉर्कचे डब्ल्यूएफएएन हे त्यासाठी सोयीचे आहे. चोवीस तास फक्त खेळाबद्दल बोलणारे स्थानक म्हणून ते 1 जुलै 1987 रोजी सुरू झाले, पुढच्या वर्षी 660 या एएम लहरीवर गेले, आणि 1989 ते 2008 या काळात माइक फ्रान्सेसा व ख्रिस रूसो या जोडीने तिथे दुपारच्या भांडणाला जे रूप दिले, त्याची नक्कल आजही ठिकठिकाणी ऐकू येते. फिलाडेल्फियाचे डब्ल्यूआयपी किंवा बोस्टनचे डब्ल्यूईईआय निवडले तरी हरकत नाही, पण रोज स्थानक बदलू नये. एका शहराचे निवेदक, नेहमीचे फोन करणारे आणि जुनी दुखणी ओळखीची झाल्याशिवाय नवा राग कुठला आणि सवयीचा राग कुठला, हे कळत नाही. स्थानकाकडे कोणत्या संघाच्या प्रक्षेपणाचे हक्क आहेत, तेही पाहून ठेवावे. न्यूयॉर्कच्या दोन संघांपैकी डब्ल्यूएफएएनवर 2013 पर्यंत मेट्सचे सामने लागत, 2014 पासून यांकीजचे लागतात, आणि घरच्या संघाबद्दल बोलताना निवेदक कुठे हात आखडता घेतो, हे त्यावरून ताडता येते. वेळ शक्यतो रात्री उशिराची निवडावी. संध्याकाळी कामावरून घरी परतणाऱ्यांच्या गर्दीत प्रत्येक फोनला मिनिट-दीड मिनिट मिळते. मध्यरात्रीनंतर निवेदकालाही घाई नसते आणि माणसे मनातले बोलतात.

यानंतर फोनामागची यंत्रणा लक्षात घ्यावी. श्रोत्याचा फोन थेट निवेदकाकडे जात नाही. आधी एक सहायक त्याला नाव, गाव आणि विषय विचारतो आणि कोणाला पुढे सोडायचे ते ठरवतो. नियम बदलला ते बरे झाले, असे शांतपणे सांगणारा माणूस कार्यक्रमाच्या फारशा उपयोगाचा नसतो, त्यामुळे रागावलेला माणूस रांगेत पुढे सरकतो. दिवसभरात दहापैकी नऊ फोन विरोधाचे आले, म्हणून दहापैकी नऊ बेसबॉलप्रेमी विरोधात आहेत असा हिशेब करू नये. निवेदकाचा संतापही थोडा वजा करून घ्यावा, कारण 162 सामन्यांच्या हंगामात रोज चार-पाच तास बोलायचे असते आणि बदलाइतका टिकाऊ विषय त्याला दुसरा मिळत नाही.

आता एका फोनची घडण जवळून पाहू. "पहिल्यांदाच फोन करतोय, पण कित्येक वर्षे ऐकतोय," या ठरलेल्या वाक्याने सुरुवात होते. मग तक्रार येते, आणि ती नेहमी सर्वसाधारण असते: खेळाचा आत्मा, परंपरा, पोरासोरांसाठी चाललेला तमाशा. इथे कान बंद करण्याचा मोह होतो, पण महत्त्वाचे वाक्य यानंतरच येते. निवेदकाने "मग तुमचे नेमके काय गेले?" असे विचारले, की माणूस क्षणभर अडखळतो आणि म्हणतो, "वडिलांबरोबर जायचो तेव्हा दोन चेंडूंच्या मधल्या वेळात ते मला पुढचा चेंडू कसा येईल ते सांगायचे." वरचे वाक्य मी नमुन्यादाखल रचले आहे, पण या वळणाचे काहीतरी ऐकू येतेच. तक्रार दोन चेंडूंमधला वेळ मोजणाऱ्या नव्या घड्याळाची होती. कारण मात्र त्या मधल्या वेळात वडील बोलत असत, हे होते. त्यानंतर "फोन ठेवतो आणि उत्तर ऐकतो," असे म्हणून माणूस निघून जातो, आणि निवेदक बहुधा घड्याळाबद्दलच बोलत राहतो.

सरावासाठी 2023 च्या हंगामाइतके चांगले उदाहरण नाही. त्या वर्षी पिच क्लॉक नावाचे ते घड्याळ आले: बेस (धावकाने क्रमाने गाठायचे टप्पे) रिकामे असताना पिचरला, म्हणजे गोलंदाजाला, चेंडू टाकण्यासाठी 15 सेकंद आणि बेसवर धावक असताना 20 सेकंद (पुढच्या वर्षी त्याचे 18 झाले), आणि आठ सेकंद उरेपर्यंत बॅटरने सज्ज राहण्याचे बंधन. पिचर चुकला तर एक बॉल (असे चार झाले की बॅटरला पहिला बेस फुकट मिळतो) आणि बॅटर चुकला तर एक स्ट्राइक (असे तीन झाले की तो बाद), ही शिक्षा. त्याबरोबर बेसची बाजू 15 इंचांवरून 18 इंच झाली आणि क्षेत्ररक्षकांना मैदानाच्या एका अंगाला गोळा करण्याची शिफ्ट नावाची चाल जवळजवळ बंद करण्यात आली. 25 फेब्रुवारी 2023 रोजी फ्लोरिडात ब्रेव्हज आणि रेड सॉक्स यांच्या सराव सामन्यात 6-6 अशी बरोबरी होती, शेवटची इनिंग, दोन बाद, तिन्ही बेस भरलेले, बॅटरवर तीन बॉल आणि दोन स्ट्राइक. चौथा बॉल मिळाला असे समजून बॅटर पहिल्या बेसकडे चालू लागला, आणि पंचाने उलट त्यालाच सज्ज न राहिल्याबद्दल तिसरा स्ट्राइक देऊन बाद ठरवले. सामना तिथेच संपला. बेसबॉलला घड्याळ नसते, शेवटचा माणूस बाद होईपर्यंत काहीही घडू शकते, ही त्या खेळाची सर्वांत लाडकी समजूत. आणि शेवटचा माणूस घड्याळानेच बाद केला. रेडिओला याहून चांगला विषय कोणी मागूनही दिला नसता.

अशा बदलाबद्दलची चर्चा तीनदा ऐकावी: घोषणेच्या आठवड्यात, सराव सामन्यांच्या वेळी आणि जूनमध्ये. या तिसऱ्या वेळेकडे बहुतेक लोक दुर्लक्ष करतात, आणि खरी माहिती तीच देते. 2022 मध्ये नऊ इनिंगच्या सामन्याला सरासरी तीन तासांहून थोडा अधिक वेळ लागत होता, तो 2023 मध्ये सुमारे 2 तास 40 मिनिटांवर आला. चोरलेल्या बेसची, म्हणजे फटका नसताना धावकाने धावून गाठलेल्या पुढच्या बेसची, संख्या 2,486 वरून 3,503 वर गेली. मे-जूनपर्यंत फोन पुन्हा दमलेल्या पिचरांवर आणि व्यवस्थापकांच्या चुकांवर आले. कोणी आपले मत मागे घेतल्याचे जाहीर करत नाही. विषय नुसता निघेनासा होतो. म्हणून रेडिओवर संमती ऐकायची असेल तर न आलेले फोन मोजावेत.

सगळेच बदल असे पचतात, असे मात्र समजू नये. डेझिग्नेटेड हिटर, म्हणजे पिचरऐवजी फक्त फटकेबाजीसाठी येणारा खेळाडू, अव्वल बेसबॉलच्या अमेरिकन आणि नॅशनल या दोन लीगपैकी अमेरिकन लीगमध्ये 1973 साली आला. 6 एप्रिल रोजी यांकीजचा रॉन ब्लूमबर्ग पहिल्यांदा या जागेवर उभा राहिला आणि बेस भरलेले असताना चार बॉल घेऊन पहिल्या बेसवर चालत गेला. नॅशनल लीगने तो नियम कायमचा स्वीकारायला 2022 उजाडले, आणि मधली जवळपास पन्नास वर्षे हा वाद रेडिओला पावसाळी दिवसांत पुरला. बरोबरी झाल्यावरच्या जादा इनिंगमध्ये दुसऱ्या बेसवर आयता धावक ठेवण्याचा 2020 चा नियमही अजून शिव्या खातो. बेसबॉलचे आयुक्त रॉब मॅनफ्रेड यांच्या नावावरून त्या धावकाला लोक "मॅनफ्रेड मॅन" म्हणतात. माझ्या मते फरक असा आहे की घड्याळाने खेळाचा वेग बदलला, तर आयत्या धावकाने न कमावलेली गोष्ट हातात दिली, आणि बेसवर पोहोचायचे तर कमवूनच, ही भावना या श्रोत्यांमध्ये फार खोल आहे. नवा नियम आला की तो या दोहोंपैकी कशाला हात घालतो, ते आधी पाहावे.

संघाबद्दलच्या बदलांसाठी मात्र वेगळा कान ठेवावा लागतो. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या श्रोत्यांनी आपला ॲथलेटिक्स संघ शहर सोडून जाणार हे कळल्यावर 13 जून 2023 रोजी एरवी ओस पडणारे मैदान मुद्दाम भरून दाखवले, मालकाने संघ विकावा म्हणून घोषणा दिल्या, आणि तरीही 26 सप्टेंबर 2024 रोजी तिथला शेवटचा सामना झालाच. अशा वेळी आवाज चढलेले नसतात. वाक्ये लहान होतात, "आम्ही" हा शब्द भूतकाळात जातो आणि चांगला निवेदक मधे बोलत नाही. इथे जूनपर्यंत राग निवेल, अशी अपेक्षा ठेवणे चूक आहे.

ऐकताना जवळ वही असावी आणि प्रत्येक फोनपुढे एकच गोष्ट लिहावी: बोलणाऱ्याचे "पूर्वी" कोणत्या सालचे आहे. माझ्या वहीत हे साल बहुतेकदा त्याच्या दहाव्या-बाराव्या वर्षाच्या आसपास येते. ज्याला 1975 चा खेळ अस्सल वाटतो, त्याला आठवत नसते की पिचरचा उंचवटा 1969 मध्येच 15 इंचांवरून 10 इंचांवर आणला गेला होता. शिकागोच्या रिग्ली फील्डवर 1988 पर्यंत दिवेच नव्हते, आणि 8 ऑगस्टचा पहिला रात्रीचा सामना पावसाने धुऊन नेला, तेव्हा दिव्यांच्या विरोधकांना याहून मोठा पुरावा लागला नसावा. हे दाखले त्या माणसाला खोटे पाडण्यासाठी वापरू नयेत. ते फक्त आपल्याला त्याचे घड्याळ कुठे थांबले आहे ते दाखवतात.

पुढचा सराव 2026 च्या हंगामात करता येईल. सप्टेंबर 2025 मध्ये मंजूर झालेल्या नियमानुसार बॉल-स्ट्राइकच्या, म्हणजे चेंडू ठरलेल्या चौकटीबाहेर होता की आत याच्या, निर्णयाला बॅटर, पिचर किंवा कॅचर (बॅटरमागे चेंडू झेलणारा) टोपीवर वा हेल्मेटवर थाप मारून आव्हान देऊ शकतो आणि यंत्र निकाल देते. प्रत्येक संघाला सुरुवातीला दोन आव्हाने मिळतात. पंचाची चूक हाही खेळाचाच भाग, असे म्हणणाऱ्या श्रोत्याने त्याच पंचाला गेल्या हंगामात किती वेळा आंधळा म्हटले होते, ते नेहमीच्या श्रोत्याला आठवेल.

स्वतः फोन करायचा असल्यास एकच मुद्दा ठरवून ठेवावा, सहायकाला तो एका वाक्यात सांगावा, निवेदकाची विचारपूस करण्यात वेळ घालवू नये आणि आधी खोलीतला रेडिओ बंद करावा. प्रक्षेपण काही सेकंद उशिरा जाते, त्यामुळे तो चालू राहिला तर आपलाच आवाज मागून येऊन वाक्य अर्ध्यावर तुटते, आणि निवेदक तेवढ्यावरच फोन कापतो.