अस्वलाच्या टोपीचे कान ताठ कसे झाले

क्रोशाने विणलेल्या अस्वलाच्या टोपीत टोपी सोपी असते. त्रास देतात ते कान. टोपीसाठी ६ मुक्या खांबांनी (क्रोशाच्या आखूड, साध्या टाक्यांनी) सुरुवात करून दर फेरीत ६ टाके वाढवावेत आणि डोक्याचा घेर ५४ सेंटिमीटर असेल, तर अशी तयार होणारी सपाट गोल चकती सुमारे १६ सेंटिमीटर रुंद झाल्यावर वाढवणे थांबवून सरळ विणत खाली यावे, कारण लोकर ताणली जात असल्याने टोपीचा घेर डोक्यापेक्षा थोडा कमीच लागतो. माझ्या टोपीचे कान मात्र कोमेजलेल्या पानांसारखे पुढे झुकत होते. आत कापूस भरल्यावर ते जड होऊन आणखीच लवंडले. शेवटी प्रत्येक कानासाठी दोन चकत्या, टोपीच्या ५ मिलिमीटरच्या सुईऐवजी ४ मिलिमीटरच्या सुईने घट्ट विणून कडेने एकत्र जोडल्या. खरा फरक पडला तो शिवण्याच्या पद्धतीने. कानाचा तळ सरळ रेषेत न ठेवता कमानीसारखा वळवून, पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही कडांनी टोपीला शिवला, तेव्हा कान उभे राहिले. कानांची जागा मात्र टोपी डोक्यावर घालूनच रंगीत दोऱ्याने खुणावी. सपाट ठेवलेल्या टोपीवर ती हमखास फसवते.