पोस्टकार्डाएवढा पिंगळा: वॉटरकलरमध्ये छोटे गमतीदार प्राणी काढायला शिकताना

मे महिन्यात धुळ्यात दुपारी दोन वाजता वॉटरकलर घेऊन बसलं की लगेच लक्षात येतं की युट्यूबवरचे बहुतेक व्हिडिओ थंड गावातले आहेत. त्यातल्या ताई सांगतात की रंग ओला आहे तोवर निवांत दुसरा रंग सोडा, आणि इथे ब्रश पाण्यात बुडवून परत आणेपर्यंत कागद खडखडीत कोरडा झालेला असतो, कडेला ती कडक रेघ उमटलेली असते आणि सशाचं अंग मऊ दिसायच्या ऐवजी कात्रीने कापल्यासारखं दिसतं. मला बरेच महिने वाटत होतं की आपला हातच तसा नाही. हात ठीक होता, ऊन आणि डोक्यावरचा पंखा आड येत होते. म्हणून हे खास आपल्याकडच्या लोकांसाठी लिहितेय, जळगाव धुळे नंदुरबार कुठलेही असा, पाऱ्याने पंचेचाळीस गाठलं की सगळ्यांचा कागद सारखाच वाळतो.

आधी सामान, पटकन सांगते कारण यात फार अडकू नका. कागदावर मात्र पैसे घाला, बाकी सगळं स्वस्तातलं चालतं. ३०० जीएसएमचा म्हणजे चांगला जाड, आणि कोल्ड प्रेस म्हणजे किंचित खरखरीत पोताचा घ्या, कॉटनचा मिळाला तर फारच छान, कारण तो पाणी धरून ठेवतो आणि आपल्याला इथे नेमकं तेच हवंय. ए४ चा एक कागद चार तुकड्यात कापला की चार पोस्टकार्डं होतात, म्हणजे महाग कागदसुद्धा परवडतो आणि एक बिघडलं तर जीव जात नाही. ब्रश दोनच, गोल ६ नंबर आणि गोल २ नंबर, सिंथेटिक चालतील फक्त ओले केल्यावर टोक नीट जुळलं पाहिजे. रंग सहा पुरतात, लेमन येलो, येलो ऑकर, बर्न्ट सिएना, क्रिमसन, अल्ट्रामरीन ब्लू आणि सॅप ग्रीन. काळा घेऊच नका. बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन एकत्र केले की इतका सुंदर जिवंत करडा मिळतो की म्हैस, कावळा, उंदीर सगळे त्यातच होतात, निळा जास्त टाकला तर थंड करडा, सिएना जास्त टाकला तर उबदार तपकिरी. पॅलेट म्हणून घरातली पांढरी चिनी मातीची बशी घ्या आणि पाण्याचे ग्लास दोन ठेवा, एक ब्रश धुवायला आणि एक स्वच्छ पाणी उचलायला.

आता उन्हाचं. पंखा बंद करा, हे पहिलं. कूलर चालू असला तर उलट बरं, कूलरने हवेत ओल येते आणि रंग हळू वाळतो, फक्त त्याचा झोत थेट कागदावर नको नाहीतर एक बाजू वाळते आणि एक ओली राहते. दुसरी युक्ती मला सगळ्यात जास्त कामी आली. कॉटनचा कागद मागून स्वच्छ पाण्याने चांगला भिजवायचा आणि स्टीलच्या पालथ्या ताटावर किंवा एखाद्या टाईलवर चिकटवून ठेवायचा, खालून ओल मिळत राहते म्हणून वरचा रंग बराच वेळ ओला राहतो. एक आहे, अशा भिजवलेल्या कागदावर रंग सगळीकडे पसरतो, म्हणून ही युक्ती आभाळ, गवत, मागचं धुकं असल्या पसरट कामाला वापरा, नेमका आकार हवा तिथे कागद कोरडाच ठेवा. रंगाच्या पाण्यात ग्लिसरीनचा एखादा थेंब टाकला तरी वाळणं लांबतं, पण एकच थेंब, जास्त झालं तर चित्र चिकट राहतं आणि त्यावर धूळ बसते. आणि सगळ्यात सोपं म्हणजे सकाळी सहा ते आठ बसा. हिवाळ्यात यातलं काहीच लागत नाही, डिसेंबर जानेवारी हा आपल्याकडचा खरा वॉटरकलरचा सीझन आहे.

आता प्राण्याकडे. माझं पहिलं मुंगूस मी मोबाईलवरचा फोटो बघून काढलं होतं, अंगावरचा एकेक केस काढला होता. आजीने कार्ड हातात घेतलं, उजेडात धरलं आणि अहिराणीत विचारलं, "हाई ऊंदीर शे का मुंगूस?" मग तिनेच सांगितलं, "मुंगूसनी शेपटी लांब ऱ्हास." तिचं अर्धं आयुष्य शेतात गेलंय. मुंगूस बांधावरून कसं जातं ते तिने हाताने करून दाखवलं, तळहात पालथा, जमिनीला जवळजवळ टेकलेला, सरळ रेषेत सरसर, मग एकदम थांबून बोटं वर, म्हणजे मागच्या पायावर उभं राहून बघणं. केस नाही, रंग नाही, फक्त एका हाताने अख्खं मुंगूस उभं केलं. त्या दिवसापासून मी पेन्सिल उचलायच्या आधी स्वतःला विचारते की हा प्राणी नुसत्या सावलीवरून ओळखू येईल का. शेळी म्हणजे लोंबते कान आणि पोटाचा फुगारा, खार म्हणजे शेपटी आणि छातीशी धरलेले हात, टिटवी म्हणजे काड्यांसारखे पाय. सावली जमली की रंगात थोडं चुकलं तरी प्राणी ओळखू येतो, आणि सावली चुकली तर कितीही केस काढा.

म्हणून सरावाला आधी रंगाचे नुसते डाग पाडा. कागदावर बर्न्ट सिएनाचे दहा बारा ओले डाग, कुठला लांबट, कुठला गोल, वाळले की २ नंबरच्या ब्रशने कुणाला कान, कुणाला चोच, कुणाला चार पाय लावायचे. माझ्या भाचीला हे इतकं आवडलं की तिने एका बैठकीत अख्खा कोंबड्यांचा खुराडा तयार केला, आणि खरं सांगते, त्यातल्या तीन कोंबड्या माझ्यापेक्षा जिवंत होत्या.

आता एक चित्र पूर्ण करून बघू, आणि ते रानपिंगळ्याचं करू कारण तो आपला आहे. १८८४ नंतर हा पक्षी कुणाला दिसला नव्हता, नामशेष झाला असंच धरून चालले होते, आणि १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये तो शहाद्याजवळच्या जंगलात परत सापडला. जेमतेम वीतभर पक्षी, दिवसाढवळ्या वावरणारा. घराजवळ दिसतो त्या साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके भरपूर असतात, रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ साधं करडं-तपकिरी, पंखांवर आणि शेपटीवर ठसठशीत पट्टे, पोट पांढरं, आणि पाय असे की पांढरी लोकरीची पायजमी घातलीय. गमतीदार चित्राला याहून चांगला विषय कुठे मिळणार!

पेन्सिल अगदी हलकी चालवा, रंगाखाली गेलेली रेघ नंतर खोडता येत नाही. एक अंडं काढा, वरचा जवळजवळ अर्धा भाग डोकं. खरं डोकं एवढं मोठं नसतं, पण गंमत तिथूनच येते, डोकं मोठं आणि अंग छोटं केलं की कुठलाही प्राणी पिल्लासारखा लाडका दिसतो. डोळे चेहऱ्याच्या मध्याच्या जरा खाली घ्या आणि एकमेकांपासून थोडे लांब. त्याला भरताच्या वांग्यावर बसवू, आपलं जळगावकडचं हिरवं, पांढरट झाक असलेलं गुबगुबीत वांगं.

आता स्वच्छ पाण्याने फक्त डोकं आणि पंखाचा भाग ओला करा, डोळ्यांचे दोन गोल आणि पोट कोरडं सोडून. कोरड्या कागदावर पाणी आपणहून जात नाही, म्हणून रंगसुद्धा कुंपण घातल्यासारखा आतच राहतो. ६ नंबरच्या ब्रशवर सिएना आणि अल्ट्रामरीनचा पातळ तपकिरी घ्या आणि डोक्याच्या वरच्या टोकाला टेकवा, बस्स, ओढू नका, खाली तो स्वतः उतरेल. उतरताना बघत राहा, मला अजूनही या क्षणाला दरवेळी तितकंच छान वाटतं. कडेला थोडा दाट रंग सोडा म्हणजे गोलाई येते.

मग थांबा आणि कागद तिरका धरून चमक बघा. पाण्याची चमक आहे तोवर दुसरा रंग टाकला तर तो पसरून विरून जातो. चमक नुकतीच गेली पण कागद ओलसर आहे, तेव्हा दाट रंगाने पंखावर पट्टे ओढले तर त्यांच्या कडा मऊ होतात आणि पिसांसारख्या दिसतात, हीच ती वेळ, हिवाळ्यात पाच एक मिनिटांनी येते आणि मे महिन्यात मिनिटभरातच, म्हणून घड्याळ बघू नका, चमक बघा. या वेळी ब्रशवर कागदापेक्षा जास्त पाणी असलं तर ते आधीच्या रंगाला ढकलतं आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा डाग उमटतो. तसं झालं तर घासू नका, वाळू द्या, पक्ष्याच्या अंगावर तो डाग बऱ्याचदा पिसांचा पुंजकाच वाटतो.

पूर्ण वाळलं का ते बोटाच्या मागच्या बाजूने बघा, कागद गार लागला तर आत ओल आहे. वाळल्यावर रंग फिका होतोच, सगळ्यांचा होतो, म्हणून आता २ नंबरने दुसरा हात द्या, पट्टे थोडे गडद, चोच येलो ऑकरची, पोटावर काहीच नाही, तिथला पांढरा म्हणजे कागदच. वांग्याला लेमन येलोमध्ये निळ्याचा अगदी थोडा अंश आणि भरपूर पाणी, वरच्या फुगीर जागी कागदाची एक फट पांढरी सोडा म्हणजे ते लगेच तकतकीत दिसतं, देठ सॅप ग्रीनचा.

डोळे शेवटी. आधी पिवळं बुबुळ, पूर्ण वाळल्यावर दाट काळपट बाहुली, आणि तिच्यात पांढऱ्या पोस्टर कलरचा टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका, दोन्ही डोळ्यात एकाच बाजूला. बाहुली जिकडे सरकवाल तिकडे गोष्ट तयार होते. दोन्ही खाली वांग्याकडे सरकवल्या तर पिंगळा विचारात पडलाय की भाजायचं कसं, एका कोपऱ्यात सरकवल्या तर कुणीतरी वांगं न्यायला येतंय. भुवया आतून खाली उतरत्या केल्या तर रागीट, वर उचलल्या तर चकित. एवढ्यावर थांबा. टोपी, चष्मा, छत्री, गळ्यात मफलर असं सगळं एकदम घातलं की प्राणी दिसेनासा होतो, माणसाची एकच वस्तू द्यायची आणि बाकी प्राणी खरा ठेवायचा, असं माझं पक्कं मत आहे. शेवटी वांग्याखाली पातळ निळसर करड्या रंगाचा एक आडवा फटकारा, तो नसला तर दोघंही हवेत तरंगतात.

नवीन प्राणी बघायला कुठे जायचं असं विचाराल तर मार्गशीर्षात दत्तजयंतीला सारंगखेड्याला तापीकाठी घोड्यांची यात्रा भरते तिथे जा, छोटी वही आणि पेन्सिल फक्त, दोन मिनिटांत एक घोडा. कान बघा, पुढे असले की लक्ष आहे, मागे चपटे केले की चिडलाय, आणि मारवाडी घोड्याच्या कानांची टोकं आत वळून एकमेकांना टेकतात, ते तर काढायलाच हवेत. पोळ्याला बैल आपल्या दारातच सजून येतात. आणि जळगावहून अजिंठा साठ एक किलोमीटर, तिथे लेणी क्रमांक १ मध्ये मान वर करून छत बघा. छोट्या छोट्या चौकोनात फुलं, फळं, पक्षी, प्राणी, एका चौकोनात एकच गोष्ट. ते काम कोरड्या गिलाव्यावरचं आहे, आपलं तंत्र वेगळं, पण लहान जागेत एक प्राणी कसा बसवायचा ते तिथे उभं राहून शिकता येतं.

हो, आणि मास्किंग टेप, कागदाच्या कडा दाबून धरायला लावतो ती. चित्र पूर्ण वाळलं की त्याच दिवशी काढा, आपल्या उन्हात दोन दिवस राहिली तर गोंद कागदाला धरून बसतो आणि कडा सोलून निघते. चित्रापासून बाहेरच्या बाजूला, तिरकी, हळू ओढायची. पांढरी चौकट निघाली की कार्डामागे तारीख आणि प्राण्याचं नाव लिहा. माझ्याकडे आजीच्या हातचं एक कार्ड आहे, तिने मागे फक्त "मुंगूस" लिहिलंय, ते दुसऱ्या वेळचं.