तीन ओरखडे : दोन घरी काढले, तिसऱ्याने हात टेकवले

सोसायटीच्या पार्किंगमध्ये कुणाची तरी सायकल घासली आणि माझ्या चंदेरी गाडीवर तीन ओरखडे उमटले. आधी गाडी स्वच्छ धुतली. धुळीत सगळंच खोल वाटतं. मग नख फिरवून पाहिलं. दारावरच्या दोन रेघांत ते अडकलं नाही, म्हणजे क्लिअर कोटच, रंगावरचा पारदर्शक थर, खरवडलेला. रबिंग कंपाउंड (घासून गुळगुळीत करणारी पेस्ट), मायक्रोफायबरचं फडकं, सावलीत हलक्या हाताने गोल गोल. वीस मिनिटांत रेघा जवळपास गायब. जोर लावायचा मोह होतो, पण हा थर केसाहूनही पातळ असतो.

तिसरा मागच्या चाकावरच्या पत्र्यावर. नख अडकलं, तळाशी पत्रा चमकत होता. पावसाळा तोंडावर, म्हणजे गंज ठरलेलाच. दाराच्या चौकटीतल्या स्टिकरवरचा कलर कोड बघून टचअप पेन (टोकाला ब्रश असलेला रंगाचा पेन) आणला. कोड बरोबर होता, पण मेटॅलिक रंगातले चमकते कण ब्रशने एकसारखे बसत नाहीत. उन्हात करडा डाग! बायको म्हणाली, "ओरखड्यापेक्षा तुझी कलाकुसरच उठून दिसतेय."

गेलो डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे. त्याने आधी माझं काम घासून काढलं (न हसता, हे त्याचे उपकार), मग पुट्टी, प्रायमर, अख्ख्या पॅनेलला स्प्रे. साडेतीन हजार रुपये. विमा होता, पण १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला दाव्यातले पहिले १००० रुपये आपलेच, शिवाय माझा ३५ टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गेला असता. खिशातूनच दिले.

पेन अजून डॅशबोर्डच्या खणात आहे. बंपरवरच्या बारीक टवक्यांना चालतो. तिथे प्लास्टिक आहे, गंजायची भीती नाही.