पीनट बटर-जेली सँडविच: आपल्या आवडीचं, आणि दुपारपर्यंत लगदा न होणारं

सकाळी साडेसातला डब्यात भरलेलं पीनट बटर-जेली सँडविच दुपारी उघडलं, की बऱ्याचदा वरच्या स्लाइसवर मधोमध जांभळा ओलसर डाग दिसतो. बोट लावलं तर ब्रेड तिथे दबतो, आणि सँडविच उचलताना तेवढाच तुकडा हातात येतो. साहित्य चांगलं होतं, भूकही होती, तरी डबा अर्धा परत येतो. बहुतेक वेळा दोष थर लावण्याच्या क्रमात असतो, आणि तो दोन मिनिटांत सुधारता येतो.

हा पदार्थ अस्सल अमेरिकन. त्याची छापील कृती १९०१ साली बोस्टनच्या एका पाककला मासिकात ज्युलिया डेव्हिस चँडलर यांनी दिली होती, आणि जेली सुचवली होती करंट या लहान आंबट फळाची किंवा क्रॅब ॲपल या छोट्या आंबट सफरचंदाची. तेव्हा पीनट बटर चहापार्टीतल्या नाजूक सँडविचांत जायचं. १९२८ मध्ये मिझुरीतल्या चिलिकोथी गावी यंत्राने कापलेला ब्रेड विकायला आला. सुरी न वापरता मुलांनाही सँडविच करता येऊ लागलं, आणि ते शाळेच्या डब्यात जाऊन बसलं. अमेरिकेतल्या मराठी घरांतही आता पोळीभाजीच्या जोडीने ते रुळलं आहे.

आधी जेली म्हणजे काय ते

आपल्याकडे जेली म्हटलं की वाटीत थरथरणारा जिलेटिनचा गोड पदार्थ आठवतो. इथे तो चालत नाही. अमेरिकेत जेली म्हणजे फळांचा गाळलेला रस साखर आणि पेक्टिन (फळांतला घट्टपणा आणणारा घटक) यांच्याबरोबर आटवून घट्ट केलेला. गर आणि साल राहिली तर तो जॅम. आपल्याकडची पेरूची जेली याच जातीची. ती आंबटगोड असते, सुरीने नीट पसरते आणि शेंगदाण्यांच्या तेलकटपणाला छान तोडते. मिळाली तर तीच घ्या.

अमेरिकेत पहिली पसंती कॉन्कर्ड द्राक्षाच्या जेलीची. हे गडद जांभळं, जाड सालीचं द्राक्ष एफ्राइम बुल यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या कॉन्कर्ड इथे १८४९ मध्ये तयार केलं. त्याचा वास इतका वेगळा असतो, की नाशिकच्या हिरव्या द्राक्षांवरून त्याची कल्पना येणार नाही. जवळचा वास हवा असेल तर बियांची काळी बंगळूर ब्लू द्राक्षं बघा. स्ट्रॉबेरीचा जॅम हा दुसरा पर्याय. महाबळेश्वर-पाचगणीकडचा जॅम उत्तम लागतो, फक्त त्यातल्या अख्ख्या फोडी काट्याने आधी चेचा. फोड मधे राहिली की पहिल्या घासाला ती स्लाइसमधून सटकते आणि थेट शर्टावर पडते.

पीनट बटर कोणतं घ्यावं

बाटलीवरचं लेबल वाचा. अमेरिकेच्या नियमानुसार पीनट बटर म्हणून विकायचं तर त्यात किमान ९० टक्के शेंगदाणे लागतात. बाजारात दोन प्रकार मिळतात. एकात थोडं हायड्रोजनेटेड तेल असतं. ते घट्ट राहून शेंगदाण्यांचं तेल धरून ठेवतं, त्यामुळे वर तवंग येत नाही. दुसऱ्यात फक्त दाणे आणि मीठ. त्यावर तेल सुटतं आणि तळाशी दगडासारखा थर बसतो. हा दुसरा प्रकार चवीला निःसंशय सरस. मात्र नवीन बाटली रात्रभर उलटी ठेवा, सकाळी लांब सुरीने तळापासून ढवळा आणि मग फ्रिजमध्ये टाका. वरचं तेल ओतून दिलंत तर उरलेली बाटली पसरवताच येणार नाही.

डब्यासाठी मात्र आमचं मत पहिल्या प्रकाराला. पातळ, तेल सुटणारं पीनट बटर चार तासांत ब्रेडमध्ये उतरतं. लगेच खायचं असेल तर दुसरं.

गुळगुळीत की दाणेदार, हा प्रश्न खऱ्या अर्थाने ब्रेडवर ठरतो. दाणेदार पीनट बटर मऊ पांढऱ्या ब्रेडवर ओढलं की तुकडे नांगरासारखे चरे पाडतात. दाणे दाताखाली यायला हवेत तर गव्हाचा जरा घट्ट ब्रेड घ्या किंवा स्लाइस भाजून घ्या. आणखी एक उपाय: गुळगुळीत पीनट बटर लावून वर चमचाभर जाडसर दाण्याचं कूट भुरभुरवा.

घरी करायचं असेल तर ३०० ग्रॅम कच्चे दाणे ओव्हनमध्ये १६० अंश सेल्सिअसवर २० ते २५ मिनिटं किंवा कढईत मंद आचेवर १२ ते १५ मिनिटं खरपूस भाजा. कोमट असतानाच चोळून सालं पाखडा आणि कोरड्या मिक्सरमध्ये फिरवा. मिनिटभरात कूट होतं. आपण एरवी इथेच थांबतो. इथे पुढे जायचं. आणखी दोन मिनिटांनी कूट ओलसर होऊन भांड्याच्या कडेला चिकटतं, पातं रिकामं फिरतं आणि आवाज बदलतो. नेमक्या याच वेळी पाणी घालण्याचा मोह होतो. घालू नका. पाण्याने दाण्यातली पिठूळ कणं एकमेकांना धरतात आणि सगळा ऐवज आणखी घट्ट होतो. कडा खरवडा, मिक्सरला दोन मिनिटं विसावा द्या, पुन्हा फिरवा. थोड्या वेळाने गोळा एकदम सैल होतो, चकाकी येते आणि चमच्यावरून सावकाश धार पडते. आता अर्धा छोटा चमचा मीठ. गोडी हवी असेल तर पिठीसाखर घाला. मधात पाणी असतं, त्याने ते परत आवळतं.

रचना

एका सँडविचला नेहमीच्या आकाराचे दोन स्लाइस, पीनट बटर दोन टेबलस्पून म्हणजे साधारण ३२ ग्रॅम, आणि जेली एक टेबलस्पून म्हणजे २० ग्रॅम. गोड आवडत असेल तर जेली दीड टेबलस्पूनपर्यंत न्या. त्यापुढे ती कडेने बाहेर येणारच.

१. पावाच्या पिशवीतले लागोपाठचे दोन स्लाइस काढा आणि पुस्तक उघडल्यासारखे शेजारी ठेवा. मिटल्यावर कडा कडेला तंतोतंत बसतात. वेगवेगळ्या ठिकाणचे स्लाइस घेतले की एक बाजू उघडी राहते.

२. पीनट बटर फ्रिजमधलं असेल तर १५ मिनिटं आधी बाहेर काढा. थंड आणि ताठ पीनट बटर ओढलं तर ब्रेडचा मधला मऊ भाग सुरीबरोबर गुंडाळत येतो. तरीही फाटत असेल तर एकाच ठिकाणी गोळा न ठेवता चार ठिकाणी छोटे गोळे ठेवा आणि मधून बाहेर, हलक्या हाताने पसरवा. सुरी आडवी धरा, धार ब्रेडकडे नको.

३. पीनट बटर दोन्ही स्लाइसना लावा, प्रत्येकी एक टेबलस्पून, अगदी कडेपर्यंत. या लेखातली सर्वात महत्त्वाची पायरी हीच. पीनट बटरमध्ये निम्मा भाग तेल आणि पाणी जवळजवळ नाहीच, त्यामुळे जेलीतला पाक त्यातून ब्रेडपर्यंत पोचत नाही. एकाच स्लाइसला पीनट बटर आणि दुसऱ्याला थेट जेली, ही नेहमीची पद्धत ताबडतोब खाण्यापुरती ठीक. डब्यात मात्र त्यानेच जांभळा डाग पडतो. कडेला बारीकशी उघडी पट्टी राहिली तरी पाक तिथून शिरतो.

४. आता जेली, आणि तिला वेगळा चमचा. जेलीत पीनट बटर गेलं तर फक्त दिसायला वाईट, पण ब्रेडचा चुरा गेला की आठवड्याभरात बुरशी येऊ शकते. बाटलीत वर सुटलेलं पाणी टाळा आणि घट्ट भागातून चमचा भरा. जेली वाटीत खूप घोटू नका. तिची जाळी तुटते आणि ती पाणी सोडते. पाच-सहा वेळा चमचा फिरवला की पसरवण्याइतकी मोकळी होते. ती एकाच स्लाइसवर मधे पसरवा आणि चारी बाजूंनी एक सेंटिमीटर जागा सोडा; दाबल्यावर जेली आपणहून तिथवर सरकते.

५. मिटा आणि तळहाताने एकदाच, हलकं दाबा. दोन मिनिटं तसंच राहू द्या, म्हणजे दोन्ही थर एकमेकांना धरतात आणि कापताना वरचा स्लाइस घसरत नाही.

कापणं, कडा आणि भाजणं

दातेरी सुरी करवतीसारखी चालवा, वरून दाबू नका. त्रिकोणात कापलं की कापलेली, कड नसलेली बाजू आडव्या कापापेक्षा दीडपटीच्या जवळपास लांब मिळते. पहिला घास मऊ, भरलेल्या भागाचा येतो, म्हणून मुलांना त्रिकोण आवडतात. डबा अरुंद असेल तर मात्र आयतच बरे. त्रिकोणांची टोकं वाकून दुमडतात.

कडा आवडत नसतील तर त्या सगळं भरून झाल्यावर कापा. आधी कापलेल्या ब्रेडची बाजू उघडी पडते आणि भरताना सारण सांडतं. पूर्ण बंद, गोल सँडविच हवं असेल तर सारण मधेच ठेवून दीड सेंटिमीटर ब्रेड कोरा सोडा, पातळ कडेची वाटी उलटी दाबून गोल कापा आणि कड काट्याने दाबत जा. यासाठी ब्रेड त्याच दिवसाचा हवा. शिळा ब्रेड चिकटत नाही, चिरतो.

भाजलेलं आवडत असेल तर दोन रस्ते आहेत. टोस्ट करून लावणार असाल तर स्लाइस मिनिटभर उभे ठेवून वाफ जाऊ द्या, नाहीतर पीनट बटर वितळून खाली गळतं. दुसरा रस्ता म्हणजे तयार सँडविचला बाहेरून लोणी लावून तव्यावर मंद आचेवर दोन्ही बाजूंनी दोन-तीन मिनिटं. आत पीनट बटर सैल होतं आणि चव फार खुलते. मात्र जेली ब्रेडपेक्षा कितीतरी जास्त वेळ गरम राहते. मुलांच्या हाती देण्याआधी कापून पाच मिनिटं थांबा, जीभ पोळते.

टाळूला चिकटतं ही तक्रार असेल तर पीनट बटर अर्धा चमचा कमी करा आणि जेलीवर चिमूटभर मीठ टाका. कोरडं पीनट बटर लाळ शोषून घेतं, म्हणून अमेरिकेत यासोबत थंड दुधाचा ग्लास असतोच. चार वर्षांखालच्या मुलांना जाड थर देऊ नका, घशात अडकू शकतो. त्यांच्यासाठी अगदी पातळ लावा आणि लहान तुकडे करा.

शाळेत पाठवण्यापूर्वी

शेंगदाण्याची ॲलर्जी काही मुलांच्या जिवावर बेतते. अमेरिकेतल्या अनेक शाळांत शेंगदाण्यांना बंदी असते किंवा वेगळं टेबल ठेवलेलं असतं, तेव्हा शाळेचा नियम आधी विचारून घ्या. बंदी असेल तर सूर्यफुलाच्या बियांचं बटर याच मापाने, याच क्रमाने चालतं. सँडविच करून झाल्यावर हात साबण-पाण्याने धुवा. सॅनिटायझरने शेंगदाण्याचा अंश जात नाही. डब्यातलं दुसऱ्याला द्यायचं नाही, हे मुलाला स्पष्ट सांगून ठेवा.

रोज सकाळी वेळ नसेल तर रविवारी पाच करून ठेवा. फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका, तिथे ब्रेड लवकर शिळा आणि कोरडा होतो. प्रत्येक सँडविच घट्ट गुंडाळा, हवा काढलेल्या पिशवीत भरा आणि फ्रीझरमध्ये आडवं ठेवा. महिनाभर चांगलं राहतं. दोन्ही बाजूंना पीनट बटर नसेल तर वितळताना जेलीचं पाणी ब्रेडमध्ये जातं, म्हणून तिसरी पायरी इथे सोडून चालणारच नाही. सकाळी सातला गोठलेलंच डब्यात टाका. मधल्या सुट्टीपर्यंत ते मऊ होतं, आणि शेजारी ठेवलेली सफरचंदाची फोडही तोवर गार राहते.