गरवायला जायची हौस टिकवायची कशी

दरवर्षी दिवाळीच्या आसपास चार-पाच जण तरी मला विचारतात, गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, रॉड कुठला घेऊ, रीळ कुठलं घेऊ, मी सांगतो, ते घेतात, मोठ्या उत्साहात जेट्टीवर येतात, तीन-चार फेऱ्या रिकाम्या जातात आणि शिमग्यापर्यंत तो रॉड माळ्यावर गेलेला असतो. मला याचं खरंच वाईट वाटतं. रॉड चांगला असतो, माणूसही मेहनती असतो, पण पुन्हा पुन्हा जायचं कशासाठी हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. म्हणून आज सामानाबद्दल कमी आणि हौस टिकवण्याबद्दल जास्त लिहितोय. मी रत्नागिरीचा, भाट्याची खाडी आणि मिऱ्याचे खडक इथे बावीस वर्षं गरवतोय, त्यामुळे उदाहरणं सगळी इकडचीच येतील.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घ्या. नुसता कालवणासाठी मासा हवा असेल तर सकाळी मिरकरवाड्याच्या मासळी बंदरावर जा, वेळ आणि पैसा दोन्ही वाचेल. गरी, म्हणजे गळाचा आकडा, टाकून बसणाऱ्याला त्याच्यापलीकडचं काहीतरी हवं असतं. अमेरिकेत यावर सत्तरच्या दशकापासून बराच अभ्यास झालाय, आणि गळाने मासे धरणाऱ्यांना का जाता विचारलं की माशाच्या जोडीनं मोकळी हवा, शांतता, रोजच्या कटकटीतून सुटका, मित्रांची सोबत ही उत्तरं फार वर असतात. पण म्हणून मासा नाही लागला तरी चालतं असं कोणी सांगितलं तर ते अर्धंच खरं. महिनोन्‌महिने तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, हललीच नाही तर कोणीही कंटाळेल. मासा लागायला हवा, फक्त कधी लागेल ते माहीत नसावं, यातच सगळी ओढ आहे. स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग करून दाखवलं होतं की दाणा ठरलेल्या वेळी न मिळता अधूनमधून, अंदाज न येता मिळाला की चोच मारणं लवकर सुटत नाही. गरवणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको, "आणखी एकदा टाकतो आणि निघतो" हे आपण सगळेच दहा वेळा म्हणतो.

तर सुरुवात छोट्या गरीपासून करा. नवीन माणूस पहिल्या दिवसापासून जिताड्याच्या मागे लागतो, मोठी गरी, जाड तंगूस, महागडा लूर (खोटं आमिष), आणि मग सहा महिने काहीच नाही. त्यापेक्षा बारीक गरी, दोरी बुडवायला हलकं शिसं आणि कोलंबीचा नखाएवढा तुकडा घ्या. कोलंबी बाजारातून ताजी घ्या, फ्रीजमधली मऊ पडलेली गरीवर टिकत नाही, पहिल्या लाटेला गळून जाते. पालूची पिल्लं, काळुंदर, खवली, एखादी शिंगाळी, काहीतरी लागेल. तेवढ्या छोट्या झटक्यानेसुद्धा हाताला एक ओळख होते आणि ती ओळख हीच पुढची सगळी पुंजी आहे.

रॉड असला तरी सुरुवातीला काही दिवस तंगूस उजव्या हाताच्या पहिल्या बोटावरून घ्या, बोटाच्या पेरावर हलकी ताणून धरा आणि डोळे मिटा. पालू आधी टुक-टुक करतो, दोनदा, जणू दारावर टिचकी मारतोय, मग क्षणभर काहीच नाही आणि मग एकदम ओढ. चिंबोरी असेल तर झटका नसतो, तंगूस हळूहळू जड होत जाते, पिशवीत कोणी पाणी भरतंय तशी, आणि वर घेताना अर्ध्या पाण्यात ती सोडून देते. शिंगाळी डोकं हलवते, ती थरथर कोपरापर्यंत येते. आणि केंड असेल तर काहीच कळत नाही, फक्त तंगूस हलकी लागते, वर घ्यावी तर गरीच नाही, तंगूस कात्रीने कापल्यासारखी. हे सगळं बोटाला कळायला मला पहिलं पूर्ण वर्ष लागलं आणि ते वर्ष माझं सगळ्यात आनंदाचं होतं, मासे तेव्हा मोजून वीस-बावीसच मिळाले असतील.

दुसरं म्हणजे एक जागा धरा. लोक आज भाट्ये, उद्या जयगड, परवा पूर्णगड असे फिरतात आणि कुठलीच जागा त्यांची होत नाही. एकच जागा किमान एक वर्ष धरा आणि तिथे पूर्ण ओहोटीला रॉड न घेता जा. पाणी उतरलं की जमीन दिसते, कुठे खड्डा आहे, कुठे खडकांची रांग आहे, कुठून पाण्याची धार आत शिरते, कालवं कुठे आहेत, खारफुटीची मुळं कुठे वाकलीत. मोबाईलवर फोटो काढून ठेवा. मग भरतीला त्याच जागी उभं राहिलात की पाण्याखालचं सगळं डोळ्यांसमोर दिसतं आणि गरी कुठे टाकायची ते कळतं. अंदाधुंद टाकणारा लवकर दमतो. ज्याला पाण्याखालचं दिसतंय तो दोन तास नुसता बसला तरी त्याचं मन कामात असतं.

भरतीची वेळ आता ॲपवर मिळते, पण तिथीचा हिशोब शिकून घ्या, किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या हाच चालत आलाय. तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ निघते. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास आणि मग ओहोटी बाराच्या सुमारास. पौर्णिमा-अमावस्येला पंधरा धरा, सव्वाअकरा येतात. शुद्ध असो वा वद्य, हिशोब तोच, आणि रोज वेळ पाऊण तासाने पुढे सरकते. जागेप्रमाणे थोडा फरक पडतो, तो आपला आपण ताडून घ्यायचा. उधाणाला, म्हणजे पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास, पाणी जोरात चढतं-उतरतं, भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपास, संथ असतं. माझ्या जागेवर पाणी फिरल्यानंतरचा पहिला दीड तास चांगला जातो, पूर्ण भरून थांबलेलं असताना मी चहा पितो. एकदा हा हिशोब अंगवळणी पडला ना, की ऑफिसात बसूनही मनात येतं, आज दशमी, म्हणजे आत्ता पाणी चढत असेल. ही ओढ कुठल्याही महागड्या रिळाने येत नाही.

तिसरी गोष्ट वही. साधी शंभर पानी वही. तारीख, तिथी, वेळ, पाण्याचा रंग, वारा कुठला, आमिष काय, काय लागलं, काय सुटलं. रिकामा दिवससुद्धा लिहायचा, उलट रिकामा दिवस जास्त नीट लिहायचा. कारण ज्या दिवशी काही मिळालं नाही त्या दिवसाचीही एक ओळ वहीत पडली की तो दिवस फुकट जात नाही, पुढच्या वेळचा हिशोब त्याच्यावर उभा राहतो. आणि शेवटी एक प्रश्न लिहायचा, पुढच्या खेपेला काय वेगळं करून बघणार. माझं ठाम मत आहे की माणूस परत जातो तो या एका प्रश्नासाठी. ज्याच्याकडे प्रश्न आहे त्याला पहाटे गजरही लागत नाही.

एक उदाहरण देतो. आमच्या खाडीत एका वाकलेल्या खारफुटीखाली तांबोशी बसायची. तांबोशी लागली की पहिल्या दोन-तीन सेकंदांत मुळांत शिरते आणि तंगूस घासून तुटते, सगळा खेळ तेवढ्याचाच. लागोपाठ तीन रविवार माझ्या तीन गऱ्या गेल्या. चौथ्या वेळी जाड तंगूस लावली तर माशाने तोंडच लावलं नाही, पाणी निवळ होतं, दिसत असणार. तिथे राजिवड्याचे एक चाचा होडीतून जायचे, त्यांना विचारलं तर म्हणाले, "तू उभा कुठं राहतोस ते बघ, दोरी नको बघू." मला काही समजलं नाही. वही काढून बघितलं, मी दर वेळी झाडाच्या समोर उभा होतो, म्हणजे मासा माझ्यापासून दूर पळाला की सरळ मुळांत. मग आठ-दहा पावलं बाजूला, चिखलात गुडघाभर उतरून उभा राहिलो, रिळाचा ड्रॅग, म्हणजे दोरी सहज सुटू न देणारा ताण, आधीच घट्ट केला, आणि लागल्या लागल्या रॉड आडवा ओढला. दोन खेपा चुकल्या. तिसऱ्या खेपेला आली, सव्वा किलोची, तांबूस, पोटाखाली पितळेसारखी चमक. सगळं मिळून दोन महिने गेले एका माशापायी. त्या दोन महिन्यांत एकही रविवार मला जावंसं वाटलं नाही असं झालं नाही.

पुढे काही वर्षांनी एक वेगळा कंटाळा येतो, तो ओळखा. 1977 साली हॉब्सन ब्रायन या अभ्यासकाने ट्राउट मासा धरणाऱ्यांबद्दल लिहिलं होतं की लोक कधीमधी जाणाऱ्यापासून सुरुवात करतात, मग कुठल्याही पद्धतीने मासे धरणारे होतात, मग एका पद्धतीचे आणि शेवटी एका पद्धतीचे आणि एका विशिष्ट पाण्याचे होतात. आपल्याकडेही हेच दिसतं, आधी काहीही लागलं तरी खुशी, मग मोठा हवा, मग लूरवरच हवा, मग अमुक खडकावरूनच हवा. तुम्ही एका पायरीवर अडकलात आणि मन लागेनासं झालं की खर्च न करता एकच गोष्ट बदला. आमिष बदला, किंवा रात्रीऐवजी पहाट धरा, किंवा रॉड घरी ठेवून हातातल्या दोरीवर या. मी एक सबंध हिवाळा फक्त दोरी वापरली आणि परत नव्यासारखं वाटायला लागलं.

सोबत दोघा-तिघांचीच बरी, आणि वार ठरलेला हवा, कारण "जाऊया कधीतरी" म्हटलं की कोणीच जात नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर मोठमोठ्या माशांचे फोटो बघून स्वतःचा हिशोब लावू नका, तिथे रिकाम्या दिवसांचे फोटो कोणी टाकत नाही. आणि घरचं सांभाळा, हे मी कळकळीने सांगतोय. किती वाजता येणार ते सांगून जा आणि त्या वेळेला या. मासा आणलात तर खवलं काढून, धुऊन, ओटा पुसून द्या. घरी दर रविवारी वाद झाला तर चांगल्यातली चांगली हौस दोन वर्षांत संपते, माझ्या जवळच्या दोन मित्रांचं असंच झालं.

थोडं जीवाचं. उधाणाला खडकाच्या टोकावर जाऊ नका, हिरवं शेवाळ दिसलं की पाय ठेवू नका, लाटांकडे पाठ करून बसू नका, एकटे जात असाल तर कुठल्या खडकावर आहात ते घरी सांगा. पावसाळ्यात समुद्राच्या बाजूला मी जातच नाही.

तुम्ही समुद्रापासून लांब असाल तरी हेच सगळं चालतं, फक्त भरती-ओहोटीच्या जागी धरणाचं पाणी किती चढलं-उतरलं ते वहीत लिहायचं. उजनीच्या काठाला पिठाच्या गोळीवर चिलापी लागते, नवख्याला बोट शिकवायला तिच्यासारखा मासा नाही. धरण-तलावाला मासेमारीचा ठेका दिलेला असतो, आधी विचारून बसा.

आणि सोडायला शिका, हौस टिकण्याशी याचा थेट संबंध आहे, कारण खाडीत मासाच उरला नाही तर कसली हौस. बोटाएवढी पिल्लं परत पाण्यात. गरीच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाका म्हणजे मासा सहज सुटतो, हात ओले करूनच धरा. जिताडा लहानपणी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो, म्हणजे मोठाला जिताडा बहुतेक वेळा अंडी घालणारी माय असते, गोव्यात ज्याला चोणक म्हणतात तो हाच. पहिल्या पावसात चढणीच्या माशांवर आमच्याकडे अख्खा गाव तुटून पडतो, मीही लहानपणी टोपली घेऊन धावायचो, पण ते मासे अंडी घालायला चढत असतात हे कळल्यापासून मी फक्त बघायला जातो. वहाळाच्या उताराला एकामागून एक उड्या घेताना बघा कधी, अंगावर काटा येतो. तुटलेली तंगूस खडकावर टाकू नका, त्यात बगळ्यांचे पाय अडकतात, गुंडाळून खिशात घाला.

जून-जुलैत बोटी बंद असतात तेव्हा आपलंही सामान काढायचं. रीळ गोड्या पाण्याने धुऊन, सुकवून, एक थेंब तेल. गंजलेल्या गऱ्या फेकायच्या, तंगूस नवीन भरायची. आणि वही वाचायची, पहिल्या पानापासून. मी दरवर्षी आषाढात एका दुपारी हे करतो, बाहेर पाऊस कोसळत असतो आणि मी मागच्या माघातली एखादी सप्तमी वाचत असतो, वारा उत्तरेचा, पाणी निवळ, एक पालू, दोन सुटले, पुढच्या वेळी शिसं हलकं लावून बघणे. यंदा त्या ओळीपुढे माझ्या पुतणीने पेन्सिलीने लिहून ठेवलंय, "काका, मला पण न्या." नारळी पौर्णिमा झाली की तिच्यासाठी एक बारीक गरी वेगळी काढून ठेवलीय.